शेपटी दिसली आणि घात झाला
फ्लोरिडातल्या इस्लामोराडा बेटांच्या उथळ समुद्रात गुडघाभर पाण्यात उभा होतो. पाय घासतच चालायचं, वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेले चपटे मासे, दडलेले असतात. पुढ्यात बोनफिश! तोंड तळात खुपसून खेकडे उकरत होता, चंदेरी शेपटी तेवढी पाण्यावर लवलवत होती.

हातात आठ नंबरचा रॉड (गळाची काठी), दोरीच्या टोकाला कोळंबीसारखी फ्लाय, म्हणजे गळाला बांधलेलं नकली आमिष. ती त्याच्या वाटेवर टाकली, तळाशी बसू दिली, लाइन बोट-बोट ओढली. त्याने धरली... आणि मी सवयीने रॉड वर उचलला. गेला! ट्राउट मासा पकडताना रॉड उचलायची सवय नडली. इथे रॉड खालीच ठेवून डाव्या हाताने लाइन खेचायची असते.

तसाही फ्लोरिडात २०१३ पासून बोनफिश सोडूनच द्यावा लागतो. मालवणहून आई फोनवर म्हणाली, "खायचा नाय, तर उन्हात उभा कशाक रवलंस?"