त्रेपन्न वर्षं एकाच बाकावर

मंगळवार, रात्री

दिवसभर धो धो पाऊस. पियानोच्या पोटातला बल्ब सकाळपासून चालू होता, तरी दमट हवेने मधल्या सप्तकातली एक पट्टी जड झालीच. दाबली की वर यायला वेळ घेते.

संध्याकाळी व्हायोलिनवाले काका आले. हायडनच्या जी मेजर ट्रायोतला, म्हणजे पियानो, व्हायोलिन आणि चेलो (खर्जातलं मोठं व्हायोलिन) अशा तिघांच्या रचनेतला, संथ भाग काढला. चेलो आमच्याकडे नाही, पण हायडनकडे तो बहुतेक वेळ पियानोच्या डाव्या हाताचं बोट धरूनच चालतो, त्यामुळे भागतं. मधल्या भागात गाणं व्हायोलिनकडे जातं आणि मला उरते साथ. दोन ओळी झाल्या नाहीत तोच काकांनी गज खाली घेतला. "अगं, मला श्वास घ्यायला जागा दे की!"

लागलं ते मनाला. आवाज हळू होता माझा, पण कान माझ्याच हातांवर होते.

काका गेल्यावर बोझार ट्रायो या तिघा वादकांच्या संचाचं याच रचनेचं रेकॉर्डिंग लावलं. पियानोवर मेनाहेम प्रेसलर. जन्म १९२३, जर्मनीतलं मागडेबुर्ग. १९३८ च्या नोव्हेंबरात ज्यूंच्या दुकानांची मोडतोड झाली, त्यात वडिलांचं कपड्यांचं दुकानही सुटलं नाही. पुढच्या वर्षी ते कुटुंब इटलीमार्गे पॅलेस्टाइनमधल्या हैफाला पोचलं. तिथे या मुलाला अन्न जाईना, वजन उतरत गेलं, आणि एकदा शिकवणीत बेथोव्हनचा ओपस ११० सोनाटा वाजवताना तो बेशुद्ध पडला. मला हा प्रसंग आठवला की पुढचं सगळंच वेगळं ऐकू येतं.

१९४६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोची दब्युसी स्पर्धा जिंकली, एकलवादनाचा रस्ता मोकळा झाला. १९५५ च्या जुलैत अमेरिकेतल्या टँगलवूडला व्हायोलिनवादक डॅनियल गिले आणि चेलोवादक बर्नार्ड ग्रीनहाऊस यांच्यासोबत ट्रायोची पहिली मैफल. त्यानंतर व्हायोलिनवादक बदलत गेले, चेलोवादक बदलले, २००८ मध्ये ट्रायो थांबला, तोवर पियानोच्या बाकावर मात्र प्रेसलरच. नवा माणूस आला की त्याचा गज कसा वळतो, तो कुठे थांबतो, हे सगळं पहिल्यापासून ऐकायचं. तेही शेकडो वेळा वाजवलेल्या रचनेत! मला याच्या तुलनेत स्पर्धा जिंकणं सोपं वाटतं.

पियानोचा स्वर उमटला की विझायला लागतो, तंतुवाद्यांचा स्वर गजाबरोबर वाढत जाऊ शकतो. तरी प्रेसलरांच्या हाताखाली तो विझताना कळत नाही. व्हायोलिन वर येतं तेव्हा ते नाहीसे होत नाहीत, खालून उचलून धरतात. आपल्याकडे उत्तम पेटीवाला गायकाला धरतो ना, तसं.

आणि ट्रायो संपल्यावर हा माणूस पुन्हा एकटा वाजवायला निघाला. बर्लिन फिलहार्मोनिकसोबत पहिल्यांदा वाजवलं २०१४ मध्ये, वयाच्या नव्वदीत. ज्या देशातून जीव घेऊन पळावं लागलं, त्या देशाच्या राजधानीत. २०२३ च्या मेमध्ये लंडनला त्यांचं निधन झालं, नव्व्याण्णवाव्या वर्षी.

जेवणं उरकल्यावर तो मधला भाग पुन्हा घेतला. हाताने साथ आणि व्हायोलिनची ओळ तोंडाने. गुणगुणायला लागल्यावर कळलं, तिसऱ्या मात्रेपाशी मला खरंच श्वास पुरत नव्हता. तिथे हात जरासा थांबवला. पाचव्या वेळी ओळ पुरी झाली. पट्टी अजून अडतेच आहे, बल्ब रात्रभर राहू देते. काका शनिवारी येणार आहेत.