नोकरी सांभाळून आपत्कालीन मदत

आज आमच्या गावातल्या टीएचडब्ल्यू केंद्राचा खुला दिवस होता. टीएचडब्ल्यू म्हणजे जर्मनीची सरकारी आपत्ती निवारण संस्था, १९५० साली स्थापन झालेली. निळ्या गाड्या रस्त्यावर नेहमी दिसायच्या. मला वाटायचं, सगळे पगारी कर्मचारी असणार. छे! ८० हजारांहून जास्त माणसं, आणि बहुतेक सगळे स्वयंसेवक. कुणी सुतार, कुणी बँकेत.

पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रापाशी मी बराच वेळ रेंगाळले. २००४ च्या त्सुनामीनंतर आणि २०१५ च्या नेपाळ भूकंपातही यांची पथकं पाण्यासाठी गेली होती. ढिगाऱ्याखालून माणूस काढतानाचे फोटो पेपरात येतात. नळाला पाणी आलं, याचा फोटो कोण छापणार? पण नंतरची रोगराई तर तिथेच थांबते. २०२३ मध्ये तुर्कस्तानात मात्र यांचं शोध-बचाव पथक श्वानांसह गेलं होतं.

मला सगळ्यात पटलं ते कायद्याचं: मोहिमेवर जाणाऱ्याला मालकाने सोडायचंच, पगारही चालू ठेवायचा, खासगी मालकाला तो सरकार भरून देतं. नुसत्या सदिच्छेवर एवढा डोलारा उभा राहत नाही हो.

मुलांचा गट सहाव्या वर्षापासून असतो म्हणे. आमच्या चिरंजीवांनी परस्पर फॉर्म आणलाय.