गिरणीतला वायरमन सोलरवर येतो तेव्हा

बंद पडलेल्या कारखान्यातल्या वायरमनला सोलरचं काम शिकवताना पहिले दोन दिवस पॅनेल बसवण्यात घालवू नयेत. नट-बोल्ट त्याला येतातच. मोडायची असते ती एसीची, म्हणजे दिशा बदलत वाहणाऱ्या प्रवाहाची, सवय. ५० हर्ट्झचा एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. सोलर पॅनेलचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, शून्यावर येतच नाही. चालू लोडवर कनेक्टर ओढला की आर्क, म्हणजे सलग ठिणगी, पेटतच राहतो.

शिवाय मेन स्विच पाडला तरी उन्हातलं पॅनेल वीज देतच असतं. ५० व्होल्टची २० पॅनेल सिरीजमध्ये म्हणजे १००० व्होल्ट, थंडीत त्याहून जास्तच. म्हणून क्रम पाठच हवा: आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (डीसी बाजू तोडणारा स्विच), तारेभोवती अडकवायच्या क्लॅम्प मीटरवर प्रवाह शून्य दिसला की मगच कनेक्टर सोडायचा. मीटर डीसी मोजणारा हवा. साधा एसी क्लॅम्प इथे खुशाल शून्य दाखवतो!

पॅनेलच्या तारा जोडणाऱ्या एमसी-४ कनेक्टरची पिन पकडीने दाबणं ही दुसरी खोड. क्रिम्प (तारेवर पिन दाबून केलेला जोड) सैल, रोध वाढला, कनेक्टर तापला, वितळला. क्रिम्पिंग टूलच वापरावं, आणि जोडीचे दोन्ही कनेक्टर एकाच कंपनीचे. कारखान्यातून आलेली फिटर मंडळी मात्र टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने नट आवळायचा पाना) वापरायला लगेच शिकतात.