कोणाला चहा?

इंग्लंडमधल्या लीड्सच्या ऑफिसातला माझा दुसरा आठवडा. दुपारी तीनला डोळे मिटायला लागले म्हणून उठले, किचनमध्ये जाऊन स्वतःपुरता चहा केला आणि कप घेऊन जागेवर येऊन बसले. कोणी काही बोललं नाही. पण शांततेचेही प्रकार असतात. ही शांतता पंगतीत वाढून व्हायच्या आधीच कोणी घास घेतला की होते, तशी होती. शेवटी शेजारची बाई अगदी गोड आवाजात म्हणाली, "अरे वा, चहा केलास वाटतं!"

तेव्हा कळलं, इथे एकट्याने चहा करत नाहीत. ज्याला तल्लफ येते त्याने आधी सगळ्यांना विचारायचं आणि सगळ्यांचा करून आणायचा. याला 'टी राउंड' म्हणतात. आमच्याकडे आठ माणसं आणि आठ तऱ्हा. कपाटाच्या दारावर यादीच चिकटवलेली आहे. एकाला दूध नुसतं दाखवायचं. एकाला विटकरी रंग येईपर्यंत चहाची पिशवी पिळायची आणि वर दोन चमचे साखर. हा 'बिल्डर्स टी', म्हणजे गवंड्याचा चहा. एकीला ओट्सचं दूध. शिवाय कप ठरलेले. लीड्स युनायटेड या फुटबॉल क्लबचं चिन्ह असलेला कप चुकून दुसऱ्याला दिला तर चहा कितीही फक्कड असो, उपयोग नाही.

फक्कड हा शब्द मी उदारपणे वापरतेय. आलं नाही, उकळी नाही, विजेच्या किटलीतलं गरम पाणी पिशवीवर ओतलं की झालं. या कृतीचं प्रमाणीकरणही त्यांनी केलंय. १९८० साली निघालेल्या ब्रिटिश मानकाप्रमाणे चहाची चव तपासायची तर शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती, आणि सहा मिनिटं मुरवायचं. सहा पानांच्या या दस्तऐवजाला १९९९ मध्ये साहित्याचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या कामगिरीला मिळणारं गमतीचं नोबेल, मिळालं. आमच्या ऑफिसात सहा मिनिटं कोणी थांबत नाही, ते सोडा.

पण या किटलीची ताकद बघायची तर ४ जुलै १९९० ची रात्र घ्या. फुटबॉल विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर पश्चिम जर्मनी, आणि इंग्लंड पेनल्टीवर हरलं. सामना संपताच देशभर लोक उठले, किटल्या लावल्या, दिवे लावले, आणि विजेची मागणी एकदम २,८०० मेगावॅटने उसळली. आपल्या कोयनेचे सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅट! अशा धक्क्यांसाठी वेल्समध्ये डिनॉर्विगला डोंगराच्या पोटात वीजकेंद्र आहे. मागणी कमी असताना पाणी वरच्या तळ्यात चढवून ठेवायचं आणि गरज पडली की काही सेकंदांत खाली सोडायचं. घाटघरला आपणही हेच करतो, फक्त आपल्याला चहाच्या आधणाचा हिशेब धरावा लागत नाही.

हरल्यावर पहिलं काय सुचलं, तर किटली. मला हे परकं वाटत नाही. आपणही बातमी कसलीही असो, "थांब, चहा टाकते" म्हणतोच. जानेवारीत घर गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला, तेव्हा शेजारच्या आजी दारात आल्या. बॉयलरबद्दल त्यांना काडीचं कळत नव्हतं. म्हणाल्या, "मी किटली लावते." प्लंबर आला, तोही हत्यारं काढायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघत उभा. मला वाटलं, पैसे आगाऊ हवेत. आजींनीच कोपराने ढोसून सांगितलं, "चहा विचार त्याला."

याच आजींनी पुढे एकदा 'टी'ला बोलावलं. साडेपाचची वेळ, म्हणजे चहा-बिस्किटं असणार, असा हिशेब करून मी चार वाजता घरी पोटभर पोहे खाल्ले. समोर आलं भाताच्या डिशएवढं शेफर्ड्स पाय (खिम्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर), मटार आणि ग्रेव्ही. इकडे उत्तरेत संध्याकाळच्या जेवणालाच 'टी' म्हणतात. पूर्ण संपवलं. चहा त्यानंतर आलाच.

आता तीन वर्षं झाली. टी राउंडमधली खरी विद्याही मी शिकलेय: सगळे कामात गढलेले असताना, कप हातात घेऊन, दाराकडे चालता चालता, जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचं, "कोणाला चहा?" विचारल्याचं पुण्य पदरात आणि काम एका कपाचं. परवा तसंच केलं. सातही माना वर झाल्या.