गोधडी आमच्याकडेच राहिली

इंटर्नशिपमध्ये माझी ग्रामीण पोस्टिंग आली मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात. मी अकोल्याचा, म्हणजे शेजारचाच. भाषेची अडचण येईल असं वाटलंच नव्हतं. पण इथल्या आदिवासींच्या कोरकू भाषेचा मराठीशी काही संबंध नाही, तिचं गोत संथाली-मुंडारीचं. बाप्ये हिंदी बोलतात. म्हाताऱ्या बाया बोलायला लागल्या की मी मान डोलवायचो. तेवढ्यावर महिना निभावला होता.

ऑगस्टमधली सकाळ. सहाच्या सुमारास मोटारसायकल आली. मध्ये गोधडीत गुंडाळलेला नऊ वर्षांचा पोरगा, मागे आजी. रात्रीपासून पोट दुखतंय, दोन उलट्या. ताप नाही, जुलाब नाहीत, पोट हाताला मऊ. रात्री काय खाल्लं? कुटकीचा भात. मी केसपेपरवर ‘गॅस्ट्रायटिस?’ लिहिलं आणि इंजेक्शन सांगितलं. आजी हातवारे करून काहीतरी बोलतच होती. मी ‘हो हो’ म्हणालो.

वीसेक मिनिटांनी सिस्टर म्हणाल्या, “सर, हा झोपेला आलाय, की त्याला डोळे उघडता येत नाहीयेत?”

पापण्या निम्म्यावर आल्या होत्या. ‘वर बघ’ म्हटलं तर पोरानं कपाळाला आठ्या घातल्या, पापण्या हलल्या नाहीत. तेवढ्यात आमचा शिपाई आला, तो कोरकूच. आजीचं ऐकून त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती आठवली की अजून ओशाळायला होतं. “सर, ही मघापासून सांगते, पोरगा खाली निजला होता. पहाटे भूमकाकडे, आमच्या गावच्या वैदूकडे, नेला, तर तो म्हणाला हे सापाचं आहे, माझ्याकडे थांबू नका, दवाखान्यात जा.”

मण्यार. दात इतके बारीक की झोपेतल्या माणसाला चावल्याचं कळत नाही, खूण बहुतेकदा सापडत नाही, आणि सुरुवात पोटदुखीनं. परीक्षेत मी हे लिहून मार्क घेतले होते. भूमकानं मात्र बघून ओळखलं.

वैद्यकीय अधिकारी क्वार्टरमधून धावत आले. “एका दमात मोजायला लाव, श्वासाची ताकद किती उरलीय ते कळेल.” पोरगा हिंदीत मोजायला लागला. बारापर्यंत गेला. मी सर्पदंशाच्या लशीच्या 10 कुप्या घेऊन बसलो. त्यात कोरडी पावडर असते. पाणी घातल्यावर हलवायची नाही, फेस होतो, तळहातांत हळूहळू फिरवत विरघळवायची. मनात घाई आणि हात मात्र ताक घुसळल्यासारखे संथ. चौथ्या कुपीला पोरगा नऊपर्यंत मोजत होता. सगळ्या भरून सलाईन सुरू झालं तेव्हा पाच. मान उशीवरून उचलेना.

लस रक्तातलं विष मारते, पण मण्यारीचं जे विष नसांच्या टोकांना आधीच पोचलंय त्याचं ती फारसं काही करू शकत नाही. तोवर श्वास आपण द्यायचा.

108 मध्ये मी डोक्याशी बसलो. एका हातानं मास्क दाबून धरलेला, दुसऱ्यानं श्वास देण्यासाठी दाबायची अंबू बॅग. वळणावर गाडी कलली की मास्कच्या कडेनं हवा सुटायची, छाती वर यायची नाही, मग पुन्हा हनुवटी उचलून धरायची. वाटेत गाडीतल्या डॉक्टरांनी नळी घातली आणि माझा डावा हात मोकळा झाला. त्याची बोटं सरळ होईनात. बाप समोर बसून माझ्या दाबण्याबरोबर ओठ हलवत होता. देवाचं नाव असावं असं वाटलं. नंतर कळलं, तोही मोजत होता.

पोरगा चार दिवस व्हेंटिलेटरवर राहिला आणि वाचला. केसपेपरवरच्या ‘गॅस्ट्रायटिस?’वर मी एक सरळ रेघ मारली. रेघेखाली काय लिहिलं होतं ते वाचता आलं पाहिजे असा नियमच आहे.

पंधरा दिवसांनी आजी ओपीडीत आली आणि समोर उभी राहून बराच वेळ बोलली. माझी मान हलायला लागली होती. थांबवली, शिपायाला हाक मारली.

तो हसायला लागला. “गोधडी मागते, सर. त्या दिवशी इथंच राहिली म्हणते.”

कपाटावर होती. सिस्टरांनी धुऊन ठेवली होती.