क्रीटची सुट्टी आखताना

क्रीट हे ग्रीसचं सर्वांत मोठं बेट. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून निघून साताऱ्यापर्यंत जावं एवढी. आखणीला बसलो तेव्हा पहिल्याच रात्री ही लांबी नकाशावर पाहिली आणि पुढचे बरेच निर्णय सोपे झाले. मध्ये अडीच हजार मीटरच्या आसपास उंचीचे डोंगर, दक्षिणेकडे उतरणारे वळणावळणांचे रस्ते. एका सुट्टीत ‘सगळं क्रीट’ करायचं म्हटलं तर दिवस गाडीतच जातील. म्हणून पश्चिमेकडचं हानिया आणि मधलं इराक्लिओ एवढंच ठेवलं, पूर्व टोक सोडून दिलं. तिकडचं स्पिनालोंगा हे छोटं बेट सोडताना मला खरंच वाईट वाटलं. १९०३ ते १९५७ या काळात कुष्ठरोग्यांना तिथे ठेवत असत. ती वस्ती मला बघायची होती. पण सासूबाई बरोबर होत्या आणि रोज सामान बांधायला लावणारी सहल त्यांच्यावर लादायची नाही, हे आमचं आधीच ठरलं होतं.

मे महिना मुलाच्या शाळेच्या सुट्टीमुळे ठरला, पण तो क्रीटलाही मानवतो. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन, गर्दी आणि मेल्तेमी नावाचा उत्तरेकडून येणारा जोराचा वारा असतो. मेमध्ये रानफुलं असतात, शिखरांवर थोडा बर्फही असतो. समुद्राचं पाणी मात्र गार. १ मे रोजी तिथली सरकारी संग्रहालयं आणि उत्खननस्थळं बंद असतात, म्हणून निघायची तारीख त्यानंतरची धरली.

खरा वेळ गेला तो व्हिसाच्या कागदांत. ग्रीससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं कठीण होतं, म्हणून आम्ही फेब्रुवारीतच कामाला लागलो. मोठ्या माणसाला ९० युरो शुल्क, शिवाय किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध हवा. आयकर विवरणपत्रं, बँकेचा शिक्का असलेलं खातेपत्रक, ऑफिसचं रजेचं पत्र, मुलासाठी शाळेचं पत्र आणि आम्हा दोघांची संमती.

सासूबाईंच्या कागदांकडे जास्त लक्ष द्यावं लागलं. पासपोर्टवर त्यांचं नाव, पतीचं नाव आणि आडनाव असं पूर्ण, तर पेन्शनच्या पासबुकावर नुसती आद्याक्षरं. आपल्याकडे हे घरोघरी असतं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं पत्र बँकेकडून घेतलं आणि अर्जासोबतच्या पत्रात तसा स्पष्ट उल्लेख केला. विमानाचं आरक्षण अर्थात पासपोर्टवरच्या नावानेच. पैसे भरून तिकीट आधी काढायची गरज नसते, आरक्षण चालतं; हॉटेलंही फुकट रद्द करता येतील अशीच घेतली.

अर्जाला दिवसवार कार्यक्रम जोडायचा असतो. अनेक जण तो कुठून तरी उतरवून देतात, पण मला वाटतं संपूर्ण प्रक्रियेतला सर्वांत उपयोगी कागद तोच. कुठल्या दिवशी, कुठून कुठे, कशाने, हे लिहायला लागलं की योजना खरी होते. अथेन्सला उतरल्यावर पुन्हा विमान न घेता पिरेयस बंदरातून रात्रीच्या बोटीने जायचं, हे त्या कागदावरच सुचलं. रात्री केबिनमध्ये झोपायचं, सकाळी क्रीट. एका रात्रीचं हॉटेलही वाचतं.

सगळ्यात मन लावून आखला तो सामारिया घळीचा दिवस. घळ साधारण मेच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरअखेर खुली असते. ओमालोसच्या पठारावरून सुमारे १६ किलोमीटर उतरत समुद्रकाठच्या आगिया रूमेलीला पोहोचायचं. त्या गावाला गाडीरस्ता नाही, परत यायचं ते बोटीनेच. सासूबाईंना ही उतरण शक्य नव्हती, पण त्यांना हॉटेलवर ठेवून जाणं मला पटेना. मग असं ठरलं: मी आणि मुलगा पहाटेच्या बसने ओमालोसला, नवरा आणि सासूबाई गाडीने होरा स्फाकियोनला, तिथून बोटीने आगिया रूमेलीला. दुपारी चौघं तिथे भेटणार आणि संध्याकाळच्या बोटीने एकत्र परतणार. गाडी चालवायची म्हणून नवऱ्याने आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला. पावसाने घळ बंद राहिलीच, तर जवळची इंब्रोसची छोटी घळ हाताशी ठेवली.

क्नोसोस, म्हणजे प्राचीन राजवाड्याचे अवशेष, आणि इराक्लिओचं पुरातत्त्व संग्रहालय एकाच दिवशी ठेवलं. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्सने १९०० साली क्नोसोसला उत्खनन सुरू केलं आणि राजवाड्याचा काही भाग काँक्रीटमध्ये पुन्हा उभा केला. मूळ भित्तिचित्रं संग्रहालयात आहेत. एकाशिवाय दुसरं अपुरं वाटेल. याच इराक्लिओला व्हेनिसच्या काळात कँडिया म्हणत. तुर्कांचा वेढा २१ वर्षं चालला आणि १६६९ च्या सप्टेंबरात शहर पडलं, म्हणजे तानाजींनी सिंहगड घेतला त्याच्या जेमतेम पाच महिने आधी. हे कळल्यापासून मुलाने तटबंदीसाठी एक संध्याकाळ मागून घेतली, आणि ती दिली.

आम्ही शाकाहारी. दाकोस (जवाच्या कडक पावावर टोमॅटो आणि चीज), उकडलेल्या रानभाज्या, भात भरलेले टोमॅटो-मिरच्या, ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या. क्रीटमध्ये आपलं छान भागतं. तिथल्या उपवासाच्या पदार्थांत मात्र ऑक्टोपस आणि कोळंबी चालते, म्हणून ‘मांस नाही, मासे नाहीत, समुद्रातलं काहीच नाही’ एवढं ग्रीकमध्ये लिहून सासूबाईंच्या पर्समध्ये ठेवलं.

व्हिसा हातात आल्यावर आधी चौघांच्या स्टिकरवरची नावं, तारखा आणि मुक्कामाचे दिवस जुळवून पाहिले. मगच विमानाचे पैसे भरले, आणि त्याच संध्याकाळी पिरेयसच्या बोटीत चार बर्थची केबिन घेतली.