स्केचपेनचा बॉक्स आणि अडकलेली मूठ

जूनमध्ये शाळांच्या सामानाच्या याद्या निघतात आणि दरवर्षी माझं डोकं त्याच एका ओळीवर फिरतं: 'स्केचपेन, १२ रंग, १ बॉक्स'. छोट्या गटासाठी! पालक बिचारे मेनरोडच्या गर्दीत घुसून तो आणतात, वर्षभर मूल पेन मुठीत धरून फराटे मारतं, आणि दिवाळीनंतर आम्हालाच विचारणा होते, "ताई, हा पेन्सिल नीट का धरत नाही?"

दीड-दोन वर्षांचं मूल गिरगटतं, तिथे काही शिकवायचं नसतं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरा, जाड खडू द्या आणि बाजूला बसा. तीसेक महिन्यांचं झालं की उभ्या-आडव्या रेघा येतात, तिसऱ्या वर्षाच्या सुमारास गोल येतो. हे आपोआप होतं.

गाडी अडते ती पुढे, मुठीतून तीन बोटांत येताना. मुठीत धरलेला खडू खांद्यातून आणि कोपरातून हलतो; बोटं नुसती आवळलेली असतात. ती मोकळी व्हायला आधी खांदा आणि मनगट स्थिर व्हावं लागतं. जन्मतः मनगटातली आठही हाडं कूर्चेची असतात, एकेक करत टणक होतात, शेवटचं तर ९ ते १२ वर्षांच्या दरम्यान. त्यामुळे साडेतीन वर्षांच्या मुलाला शंभरदा "नीट धर" म्हणून काही होत नाही. धरायची वस्तू बदलायला लागते.

स्केचपेन इथेच घात करतो. तो कागदावर घसरतो. दाब दिला काय, न दिला काय, रंग तेवढाच उमटतो. मग बोटांना काम काय राहिलं? मेणाचा खडू कागदाला अडतो, दाबल्याशिवाय गडद होत नाही. ऑइल पेस्टल या दोघांच्या मधे. मऊ असल्यामुळे अगदी हलक्या हाताच्या मुलाला सुरुवातीला बरा, पण महिन्याभराने मेणाच्या खडूवर यायचं.

आणि तो खडू मोडायचा. अडीच ते तीन सेंटिमीटरचे तुकडे करायचे, वरचा कागद सोलून. एवढासा तुकडा मुठीत मावतच नाही, नाइलाजाने अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट पुढे येतात. आपण तोंडाने काही सांगायचं नाही. पाटीवरच्या पेन्सिलीचं बोटुक घेऊन मागच्या पिढ्या हेच करत होत्या. मात्र तीन वर्षांखालच्या, तोंडात वस्तू घालणाऱ्या मुलाला तुकडे देऊ नका, घशात अडकतात. त्याला जाड खडूच हवा.

दुसरा उपाय भिंतीचा. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर कागद चिकटवायचा आणि उभं राहून रंगवायला द्यायचं. उभ्या कागदावर मनगट आपसूक मागे वळतं आणि तसं वळलं की बोटं मोकळी होतात. टेबलावर हेच मूल मनगट आत मुडपून बसतं. दिवसाला दहा मिनिटं पुरे. हात दुखला की मूल खडू परत मुठीत घेतं. ती थांबायची खूण, आळस नव्हे. चार ते सहा आठवड्यांत काही मुलांत फरक दिसतो, काहींना पूर्ण वर्ष लागतं. मध्येच मूठ परत येते, घाबरायचं नाही.

दाबाचं राहिलं. फार दाबून कागद फाडणाऱ्या मुलाच्या कागदाखाली थर्मोकोल ठेवा, जोर जास्त झाला की भोक पडतं आणि त्याचं त्यालाच कळतं. फिकट रंगवणाऱ्याला खाली कार्बन पेपर द्या, खालच्या कागदावर चित्र उमटलेलं पाहायला मुलं जीव तोडून दाबतात.

चित्र कसलं द्यायचं? रंगवायच्या वह्यांत एका पानावर राजवाडा, मोर आणि बाग असते, ते नको. मला द्राक्षाचा घड आवडतो. आपल्याकडे मुलांनी तो पाहिलेला असतो आणि एकेका मण्यासाठी हात छोटा छोटा गोल फिरतो. मणी सुरुवातीला रुपयाच्या नाण्याएवढे, पुढे लहान करत न्या. कडेवर फेविकॉलची रेघ ओढून रात्रभर वाळू द्या. खडू त्या उंचवट्याला अडला की हात थांबायला शिकतो. रेषेबाहेर गेलेल्या रंगाला लाल पेनाने गोल करणाऱ्या शाळा मी पाहिल्यात. चार वर्षांच्या हाताला रेषेत थांबणं जमत नसतं आणि त्या लाल गोलाने मूल पुढच्या वेळी कोपऱ्यातच रंगवतं.

कागद टेपने चिकटवलेला असला तर पंधरा दिवसांनी टेप काढा, नाहीतर दुसरा हात कागद धरायला शिकत नाही. डावखुऱ्याचा कागद उजवीकडे तिरका ठेवा आणि हात बदलायला लावू नका. रांगोळीची चिमूट सोडायला द्या, ठिपके जोडणं नंतर. बसताना पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या, हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं.

गमभन गिरवायची घाई शाळेला असते. ज्याला अजून अधिकचं चिन्ह काढता येत नाही (ते साधारण चौथ्या वर्षी येतं), त्याच्याकडून 'क' मागू नका. पाच पूर्ण झाल्यावरही मूठच असेल, किंवा मूल रंगवायचं नाव काढलं की पळत असेल, बटणंही लावत नसेल, तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला (हाताची आणि रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा.

खडू उन्हात, खिडकीत ठेवू नका, एप्रिलमध्ये गोळा होतो. आणि नवा बॉक्स आजोबांनी आणला असेल तर त्यांची पाठ वळल्यावर खडू मोडा.